खर्जाची पेटी: उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसराच्या संदर्भात घरगुती सबवूफर आणि निष्क्रिय पडद्याचा इतिहास

गोषवारा

ध्वनिक्षेपकाचा इतिहास सामान्यतः प्रयोगशाळा, पेटंट आणि मोठ्या कंपन्या यांच्या अंगाने लिहिला जातो. प्रस्तुत निबंधात तो घराच्या, विशेषतः लहान घराच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. छोट्या पेटीतून खोल खर्ज काढण्यासाठी वापरला जाणारा 'पॅसिव्ह रेडिएटर', म्हणजेच निष्क्रिय पडदा, हा या अभ्यासाचा मध्यवर्ती विषय आहे. जागेची टंचाई, दुरुस्तीची परंपरा आणि शेजारधर्म या तीन सामाजिक घटकांशी या तांत्रिक रचनेचा असलेला संबंध उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्याच्या संदर्भात येथे तपासला आहे.

बीजशब्द: ध्वनिक्षेपक, निष्क्रिय पडदा, खर्ज, विस्थापितांची वसाहत, दुरुस्तीची संस्कृती, ध्वनिप्रदूषण.

१. प्रस्तावना

कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात. या पट्ट्याचा इतिहास सांगताना अभ्यासक सहसा दोन टोकांना थांबतात. एका टोकाला शके ९८२ (इ. स. १०६०) मधील शिलाहारकालीन अंबरनाथचे शिवमंदिर आहे. दुसऱ्या टोकाला फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेले सिंधी विस्थापित आहेत. या दोन टोकांनंतरचा इतिहास कारखाने, नगरपालिका आणि लोकसंख्या यांच्या आकड्यांत विरून जातो. त्या घरांतील माणसे फावल्या वेळात आपल्या हातांनी काय घडवीत होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

घरी तयार केलेला ध्वनिक्षेपक हा अशा प्रश्नाचे एक उत्तर आहे. वरकरणी ही हौशी तरुणाची करमणूक वाटेल. तथापि एका पेटीच्या घनफळामागे घराचे क्षेत्रफळ असते आणि तिच्यातील सुट्या भागांमागे आयात-निर्यातीचे धोरण असते. तिच्यातून निघणाऱ्या आवाजामागे कायदा आणि शेजारी हे दोघेही उभे असतात. या अर्थाने ही पेटी इतिहासाचे साधन ठरते.

२. सिंध, छावणी आणि आवाजाचा व्यवसाय

भारतातील ध्वनिक्षेपकाच्या इतिहासाची एक महत्त्वाची शाखा सिंधमध्येच उगम पावते. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सक्कर येथे विजेच्या साहित्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे कराचीमार्गे तो मुंबईत स्थिरावला आणि 'शिकागो रेडिओ' या नावाने प्रसिद्धी पावला. काँग्रेसच्या अधिवेशनांत आणि महात्मा गांधींच्या सभांत या नावाचे कर्णे दिसत. १९४२ मध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या गुप्त 'काँग्रेस रेडिओ'च्या खटल्यात नानक मोटवाने हेही आरोपी होते. न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. राष्ट्रीय चळवळीचा आवाज लाखोंपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रसामग्रीचा धागा असा सिंधपर्यंत जातो.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना कल्याण छावणीतील बराकींमध्ये आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. सैनिकांच्या तात्पुरत्या वास्तव्यासाठी बांधलेल्या इमारती आता कुटुंबांसाठी विभागल्या गेल्या. अनेक घरांत एकाच खोलीला निजघर, बैठक आणि कार्यशाळा व्हावे लागले. घरातच वस्तू तयार करून बाजारात नेण्याची या गावाची ख्याती याच परिस्थितीतून वाढली. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद मुंबईत दीर्घकाळ ऐकू येई. त्यात थट्टा होती, तशी एक नाइलाजाची कबुलीही होती. परदेशी वस्तू दुर्मीळ असताना तिच्यासारखी वस्तू कोणीतरी येथेच घडवीत होते.

शेजारच्या अंबरनाथमध्ये १९२० च्या दशकापासून 'विमको'चा आगपेट्यांचा कारखाना होता. स्वातंत्र्यानंतर तेथे आयुध निर्माणी आणि यंत्रावजारांचा सरकारी कारखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर अंबरनाथ आणि पाठोपाठ बदलापूर येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. लेथवर काम करणारा, तार गुंडाळणारा, लाकूड कापणारा आणि विजेची जोडणी करणारा कामगार अशा रीतीने एकाच लोहमार्गावर राहू लागला. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात प्लायवूड आणि सुतारकाम हाताशी होते. रेडिओचे सुटे भाग घेण्यासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड होता, आणि तिथवर जायला दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठणे पुरेसे होते. घरगुती ध्वनिक्षेपकाला लागणारे सारे घटक अशा प्रकारे एका दिवसाच्या प्रवासात मावत होते.

३. खर्ज आणि जागा: सिद्धांताचा प्रवास

आजच्या ध्वनिक्षेपकाचे मूळ रूप चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये अमेरिकेत मांडले. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला जोडलेला कागदी शंकू आणि शंकूच्या हालचालीने ढकलली जाणारी हवा, एवढीच ती रचना आहे. अडचण खर्जाची असते. तेवढ्याच तीव्रतेचा, पण निम्म्या कंप्रतेचा स्वर काढायचा असेल तर शंकूला चौपट अंतर मागेपुढे व्हावे लागते. शिवाय शंकूच्या मागच्या बाजूने निघणारा आवाज पुढच्या आवाजाला खोडून काढतो. म्हणून पेटी आवश्यक होते. परंतु पेटी लहान केली की आतली हवा ताठ स्प्रिंगप्रमाणे वागते आणि खर्ज वरच्या वरच तुटतो.

या कोंडीवर वेगवेगळे उपाय निघाले. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये पूर्ण बंद पेटीतील हवेलाच उपयुक्त स्प्रिंग मानून लहान आकाराचा ध्वनिक्षेपक घडवला. त्यात खर्ज मिळाला, पण त्यासाठी अधिक शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर लागला. 'केएलएच' या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या हॉफमन यांच्या नावाने एक 'पोलादी नियम' ओळखला जातो. खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी दोनच एका वेळी मिळतात; तिसरीवर पाणी सोडावे लागते.

दुसरा उपाय पेटीला नळी बसवण्याचा होता. नळीतील हवेचा स्तंभ आणि पेटीतील हवा मिळून ठरावीक कंप्रतेला अनुस्पंदन करतात. रिकाम्या माठाच्या तोंडावर फुंकर मारली असता जो 'हूं' असा आवाज येतो, त्यामागचे तत्त्व हेच. आपल्याकडे ध्वनिक्षेपक माठाच्या तोंडावर उपडा ठेवून आवाज 'भरीव' करण्याची पद्धत अनेक गावांत प्रचलित होती, हे येथे आठवावे. त्या कुंभारी पेटीत अनुस्पंदनाची जाण होती, सूत्र तेवढे नव्हते.

तिसरा उपाय निष्क्रिय पडद्याचा. 'आरसीए' कंपनीतील संशोधक हॅरी ओल्सन यांना त्याचे पेटंट १९३५ मध्ये मिळाले. नळीऐवजी पेटीला आणखी एक शंकू बसवायचा, पण त्याला चुंबक नाही, वेटोळे नाही आणि तारही नाही. मुख्य शंकू हलला की पेटीतली हवा या दुसऱ्या शंकूला हलवते. त्याचे वस्तुमान हवेच्या स्तंभाचे काम करते. ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये हा विषय पुन्हा मांडला. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये नळीच्या पेटीचे गणित मांडले होते. रिचर्ड स्मॉल यांनी सिडनी विद्यापीठातील संशोधनातून त्याचा विस्तार केला आणि १९७४ मध्ये निष्क्रिय पडद्याचे गणितही प्रसिद्ध केले. त्यापूर्वी पेटी 'कानाने' जमवली जाई. त्यानंतर ती कागदावर आधी आखता येऊ लागली. थील व स्मॉल यांच्या लेखनाने पेटीचे ज्ञान कारखान्याच्या भिंतीबाहेर आले आणि हौशी माणसाच्या आवाक्यात पोहोचले. ही घटना तंत्रज्ञानाच्या सामाजिक इतिहासात महत्त्वाची मानली पाहिजे.

४. पखवाजाची कणीक

निष्क्रिय पडद्याची कल्पना भारतीय वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. ढोल किंवा पखवाज यांसारख्या दोन तोंडांच्या वाद्यात एका पुडीवर थाप पडली की आतील हवेच्या द्वारे दुसरी पुडीही हलते. पखवाजाच्या डाव्या तोंडावर वादनापूर्वी मळलेल्या कणकेचा थर लावला जातो. कणीक वाढवली की स्वर उतरतो, काढली की चढतो. पडद्याचे वस्तुमान वाढवून त्याची कंप्रता उतरवण्याचा हा प्रयोग पखवाजवादक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. सबवूफर करणारा कारागीर निष्क्रिय पडद्याच्या मध्यभागी लोखंडी वॉशर वाढवतो, तेव्हा तत्त्वतः तो वेगळे काही करीत नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी भारतीय चर्मवाद्यांवर केलेल्या अभ्यासात (१९३४) शाईने जड केलेल्या पुडीचे स्वर एकमेकांशी सुसंवादी का होतात, हे दाखवून दिले होते. वादकाच्या बोटांतील ज्ञान आणि भौतिकीचे समीकरण यांची ती भेट होती.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'आपल्याकडे हे सारे आधीपासून होते' असा दावा करणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होणार नाही. पखवाज हे स्वर निर्माण करणारे वाद्य आहे. ध्वनिक्षेपकाचे काम दुसऱ्याने निर्माण केलेला स्वर जसाच्या तसा पोहोचवण्याचे आहे. साम्य तत्त्वात आहे, हेतूत नाही. परंतु हे साम्य शिकवण्याच्या कामी फार उपयोगी पडते.

५. घरगुती रचना: एक हिशोब

आकडेमोड केल्याशिवाय निष्क्रिय पडद्याचे महत्त्व पूर्णपणे उमगत नाही. म्हणून एक उदाहरण घेऊ. साडेसहा इंची वूफर, आतून १२ लिटर घनफळाची पेटी आणि ३५ हर्ट्झपर्यंत खर्ज, एवढी अपेक्षा ठेवू. १२ लिटर म्हणजे आतून सुमारे २३ सेंटिमीटर बाजूचा घन. १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड वापरले तर बाहेरून ती पेटी साधारण साडेदहा इंचांची होते. कपाटाखाली किंवा पलंगाच्या कोपऱ्यात ती सहज मावते.

या पेटीला साडेसात सेंटिमीटर व्यासाची नळी बसवायची ठरवली, तर ३५ हर्ट्झसाठी नळीची लांबी सुमारे ८४ सेंटिमीटर येते. २३ सेंटिमीटरच्या पेटीत ८४ सेंटिमीटरची नळी कशी ठेवणार? ती वळवून बसवली तरी आतली हवा साडेतीन लिटरहून अधिक जागा तिलाच द्यावी लागेल. नळी बारीक केली तर लांबी घटते, पण हवा वेगाने आत-बाहेर करताना फुसफुस ऐकू येते.

आता नळीऐवजी आठ इंची निष्क्रिय पडदा घेऊ. त्याच पेटीत त्याच कंप्रतेसाठी त्याचे हलते वस्तुमान सुमारे ११० ग्रॅम असावे लागते. पडद्याच्या कडेच्या लवचीक पट्टीचा ताठपणा या हिशोबात धरलेला नाही. तो जमेस धरला की वजन थोडे वाढवावे लागते. आणखी सुमारे ४० ग्रॅम वाढवले की पेटी ३५ ऐवजी ३० हर्ट्झला जुळते. वजन चौपट केले तर कंप्रता निम्मी होते. ८४ सेंटिमीटर नळीचे काम मूठभर वॉशर करतात, हेच या रचनेचे मर्म आहे.

या सोयीची किंमतही आहे. निष्क्रिय पडद्याने मुख्य शंकूपेक्षा निदान दुप्पट हवा ढकलली पाहिजे, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. म्हणून तो आकाराने मोठा किंवा अधिक हलणारा असावा लागतो. जुळवलेल्या कंप्रतेच्या खाली आवाज नळीच्या पेटीपेक्षाही झपाट्याने घसरतो. जड पडदा आडवा बसवला तर कालांतराने तो स्वतःच्या वजनाने खाली झुकतो. एकच पडदा असेल तर त्याच्या धक्क्याने लहान पेटी जमिनीवर सरकू लागते. समोरासमोरच्या भिंतींवर दोन पडदे बसवले की धक्के परस्परांना निरस्त करतात, मात्र त्याच कंप्रतेसाठी प्रत्येकावर दुप्पट वजन ठेवावे लागते.

जुळणी तपासण्याची रीत तर विलक्षण साधी आहे. एका सुराची कंप्रता हळूहळू उतरवत न्यावी आणि मुख्य शंकूकडे पाहावे. ज्या कंप्रतेला तो जवळजवळ स्थिर दिसतो आणि निष्क्रिय पडदा सर्वाधिक हलतो, तेथे पेटी जुळलेली असते. वीज ज्याला मिळते तो स्तब्ध आणि ज्याला तार जोडलेली नाही तो कार्यरत, असे हे दृश्य असते. वर्गात एकदा दाखवले तर अनुस्पंदनाची व्याख्या विद्यार्थ्याला पुन्हा पाठ करावी लागणार नाही.

दहा बाय बाराच्या खोलीलाही या हिशोबात स्थान आहे. बारा फुटांच्या लांबीत अर्धी तरंगलांबी मावणारी कंप्रता सुमारे ४७ हर्ट्झ येते. तिच्याखाली बंद खोलीतील हवा एकसंध दाबाप्रमाणे वागू लागते आणि खर्जाला आधार देते. पत्र्याचे छप्पर व उघडी खिडकी यांमुळे हा आधार काहीसा गळतो, तरीही मोठ्या दिवाणखान्याच्या तुलनेत लहान खोलीला लहान पेटी पुरते. जागेची टंचाई येथे अंशतः उपकारक ठरते.

६. दुरुस्तीच्या दुकानातील ज्ञान

१९९१ पूर्वीच्या नियंत्रित अर्थव्यवस्थेत परदेशी ध्वनियंत्रणा मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर होती. १९८० च्या दशकात कॅसेटचा प्रसार झाला आणि घरोघरी संगीत पोहोचले. त्या संगीताला 'दणका' देण्याचे काम 'असेंबल' केलेल्या अ‍ॅम्प्लिफायरांनी केले. 'एलए ४४४०' आणि 'टीडीए २०३०' ही चिपांची नावे त्या काळच्या हौशी मंडळींना तोंडपाठ असत. १९६९ पासून निघणाऱ्या 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' या मासिकातील आराखडे हाती घेऊन डाग देण्याची बंदूक शिकलेले अनेक जण पुढे व्यावसायिक तंत्रज्ञ झाले.

दुरुस्तीच्या दुकानात ध्वनिक्षेपक सहसा एका कारणाने येतो, ते म्हणजे वेटोळे जळणे. शंकू शाबूत असतो, कडेची पट्टी शाबूत असते, फक्त त्याचा प्राण गेलेला असतो. नवीन शंकू व वेटोळे बसवण्याचा खर्च परवडत नसेल तर असा ध्वनिक्षेपक भंगारात जातो. पण त्याचे चुंबक काढून टाकले, मध्यभागी वॉशर बसवले आणि धूळ जाऊ नये म्हणून मागची बाजू नीट बंद केली, की तोच निष्क्रिय पडदा होतो. तयार पडदा विकत घेण्याऐवजी जगभरचे हौशी कारागीर हा मार्ग वापरतात. वस्तूला दुसरा जन्म देण्याची ही वृत्ती, विस्थापनात सर्वस्व गमावून पुन्हा उभ्या राहिलेल्या गावाच्या स्वभावाशी जुळणारी आहे.

आज ब्लूटूथवर चालणाऱ्या कित्येक लहान ध्वनिक्षेपकांच्या दोन्ही टोकांना थरथरणाऱ्या चकत्या दिसतात. ते निष्क्रिय पडदेच होत. ओल्सन यांची कल्पना अशा रीतीने तरुणांच्या हातात पोहोचली आहे. मात्र ही यंत्रे चिकटवून बंद केलेली असतात. ती उघडून आत पाहण्याची सोय राहिलेली नाही. वस्तू सर्वत्र पोहोचली आणि तिच्याविषयीचे ज्ञान मात्र दुकानातून नाहीसे होऊ लागले, हा विरोधाभास नोंदवणे आवश्यक आहे.

७. भिंतीपलीकडचा शेजारी

खर्जाचा इतिहास केवळ कौतुकाने पुरा होत नाही. महाराष्ट्रात मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेची पहिली ख्याती ध्वनिफितीतील खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे झाली होती. नको असलेला आवाज घालवणाऱ्या माणसाचे नाव मराठीत आवाजाच्या भिंतीला चिकटले, ही भाषेची थट्टाच म्हणावी लागेल.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० मध्ये आले. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरली. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील ध्वनिक्षेपकाच्या वापराविषयी सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी सविस्तर निर्णय दिला. ठाण्यातील डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये अंमलबजावणीबाबत कडक निर्देश दिले.

या नियमांतील मोजणी मानवी कानाच्या संवेदनेनुसार भारित केलेल्या, म्हणजे 'ए' श्रेणीच्या डेसिबलमध्ये होते. या भारामुळे ५० हर्ट्झचा आवाज मोजताना सुमारे ३० डेसिबल वजा होतात. परिणामी ८५ डेसिबलचा ५० हर्ट्झचा स्वर मोजयंत्रावर जेमतेम ५५ दिसतो, म्हणजे दिवसाच्या मर्यादेत बसतो. शेजारच्या घरातील भांडी थरथरतात, छातीत धडधड जाणवते, पण आकडा नियमात राहतो. भिंत उच्च स्वर बऱ्याच अंशी अडवते, खर्ज मात्र फारसा अडवत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ होती आणि शहराचे क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस किलोमीटर. एका चौरस किलोमीटरात ३५ हजारांहून अधिक माणसे राहतात तेथे प्रत्येक भिंत दोन घरांची असते.

म्हणून लहान पेटीचा विचार नैतिकही आहे. आपल्या खोलीपुरता, स्वच्छ आणि खोल खर्ज मिळवणे हा तिचा मूळ हेतू. पेटी जमिनीऐवजी रबरी पायांवर ठेवणे, दोन पडदे समोरासमोर बसवून धक्का कमी करणे आणि ऐकणाऱ्याच्या जवळ ठेवून आवाज खाली ठेवणे, या साध्या गोष्टी रचनेचाच भाग मानल्या पाहिजेत. जो कारागीर शेजाऱ्याला आपल्या हिशोबात धरत नाही, त्याचे गणित अपुरे आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली, निष्क्रिय पडदा ही जागेच्या टंचाईला दिलेली तांत्रिक प्रतिक्रिया आहे. म्हणून ज्या वस्तीत जागा हीच सर्वांत महाग वस्तू आहे, तेथे तिचा अभ्यास अर्थपूर्ण ठरतो. दुसरी, थील व स्मॉल यांच्या गणिताने घरगुती कारागिराला कारखान्याच्या बरोबरीने विचार करण्याची संधी दिली. परंतु ती संधी प्रत्यक्षात आणली ती सुतारकाम, दुरुस्ती आणि सुट्या भागांचा बाजार यांच्या सान्निध्याने. तिसरी, खर्जाचा आनंद आणि शेजाऱ्याची शांतता यांतील ताण केवळ डेसिबलच्या आकड्याने सुटणारा नाही.

या पट्ट्यातील महाविद्यालयांना येथे एक काम हाती घेता येण्यासारखे आहे. इतिहास आणि भौतिकशास्त्र या दोन विभागांनी एकत्र येऊन वयोवृद्ध तंत्रज्ञांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात आणि जुन्या पेट्यांची मापे घ्यावीत. विद्यार्थ्यांकडून एक निष्क्रिय पडद्याची पेटीही बांधून घ्यावी. शिलालेख दगडावर असतो, म्हणून तो नऊशे साठ वर्षांहून अधिक काळ टिकला. कारागिराचे ज्ञान त्याच्या बोटांत असते. ते टिपण्यासाठी आपल्या हाती एका पिढीएवढाच अवधी आहे.